ती काय वाचते, हे मी सांगितलं नाही

परवा माझ्या लायब्ररीच्या फोटोखाली ज्यांनी "ठप्पे मारायचे आणि एसीत बसायचं, मजा आहे!" असं लिहिलंत, ही पोस्ट खास तुमच्यासाठी.

ही लायब्ररी दुबईत की शारजात, ते मुद्दाम लिहीत नाही. आज दुपारी एक गृहस्थ काउंटरवर आले. त्यांची बायको आमची मेंबर आहे.

"मॅडम, मेरी वाइफ यहाँ क्या पढ़ती है? दिखाइए."

कोण काय वाचतं, हे लायब्रेरियन तिसऱ्याला सांगत नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. मी तसं सांगितलं, तर ते वाकून माझ्या स्क्रीनमध्ये बघायला लागले. मी मॉनिटरच बंद केला.

"आपका काम किताब देना है, वकील मत बनो! आपके मालिक को जानता हूँ मैं."

खरंच ओळखतात. माझा व्हिसा त्याच मालकांच्या हातात आहे. घरी लेक म्हणाली, "मम्मा, जस्ट से सॉरी, खलास."

पण मला भीती वेगळीच वाटतेय. ते तणतणत घरी गेले. माझ्या 'नाही'चा राग बायकोवर निघाला असेल तर? तिचा नंबर माझ्याकडे आहे, पण फोन त्यांनीच उचलला तर? चार वेळा नंबर काढला आणि फोन खाली ठेवला.

माझं चुकलं का हो? खरंच सांगा.

फक्त ती काय वाचते, ते कमेंटमध्ये विचारू नका. तुम्हालाही सांगणार नाही.