सिस्टरची अहिराणी

आमच्या घरात शिकलेला मीच पहिला. ज्यांचं नावही विचारलं नाही त्यांच्याविषयी लिहितोय, माफ करा.

आईच्या ऑपरेशनच्या वेळी धुळ्याकडच्या मिशन दवाखान्यात त्या म्हाताऱ्या सिस्टर, म्हणजे नन, भेटल्या. मूळच्या केरळच्या, पण अहिराणी आमच्यासारखीच बोलायच्या. प्रत्येक खाटेचा दांडा धरून आधी दम घ्यायच्या, मग विचारपूस. सिस्टर लोकांनीच उभारलेला तो दवाखाना आता बंद होणार होता, कारण नव्या कुणी येत नव्हत्या. या म्हाताऱ्या सिस्टरना परत केरळच्या मठात पाठवणार होते.

आई म्हणाली, "आते तरी आराम भेटी तुमले!"

"कसाना आराम वं, माय? तठे माले कोन वळखस?"

परवा त्या दवाखान्यातल्या जुन्या आयाबाईंचा फोन आला; त्यांना केरळच्या मठातून कळलं होतं. सिस्टर केरळात वारल्या. शेवटी त्या अहिराणीतच काहीतरी मागत होत्या, आणि ते तिथं कुणालाच कळलं नाही.