पडद्याआडचं मत

रुक्मिणीमावशींची आणि माझी ओळख अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या आयसेलिन गावच्या एका हॉलमध्ये, गणपतीच्या आरतीला झाली. दुसऱ्या कडव्यानंतर आमच्यातले बहुतेक जण नुसते ओठ हलवतात. मावशी मात्र सगळ्या आरत्या खड्या आवाजात म्हणत होत्या. मी नागपुरी अघळपघळपणे विचारलं, "मावशी, तुम्ही कोकणातल्या ना?" त्या अडखळत म्हणाल्या, "पणजोबा कोकणातले. उसाच्या मळ्यावर मॉरिशसला गेले. मी तिथली. आरती येते, मराठी थोडी." पुढच्याच रविवारी त्या आमच्या मराठी शाळेत मुलांच्या बाकावर येऊन बसल्या. मी शिक्षक, त्या विद्यार्थिनी. गृहपाठ करून येणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

मावशींनी सारा जन्म नर्स म्हणून रुग्णसेवा केली, आधी इंग्लंडमध्ये आणि मग इथे न्यू जर्सीत. आमची मुलगी झाली तेव्हा दोन्हीकडच्या आयांचे व्हिसा अडकले होते. मावशी डबा घेऊन आल्या, बाळ उचललं आणि मला म्हणाल्या, "थँक्यू नंतर. आधी झोपा." त्या दुपारी मी जसा झोपलो, तसा आजवर झोपलेलो नाही.

आमच्या इथल्या मराठी मंडळाची निवडणूक म्हणजे नावं चहावर ठरायची आणि सभेत टाळ्यांनी मंजूर व्हायची. मागून कोणीतरी ओरडायचं, "लवकर उरका यार, जेवण थंड होतंय." मावशी पहिल्याच सभेत उभ्या राहिल्या. "मत झाकून देतात," त्या म्हणाल्या. आम्ही हसलो, तेव्हा त्यांनी सांगितलं. मॉरिशसने स्वतंत्र व्हावं की इंग्रजांशी जोडलेलं राहावं, हे ठरवणारी निवडणूक आली, तेव्हा त्यांचं नुकतंच मताचं वय झालं होतं. वडील ज्या मळ्यावर कामाला होते, त्याचा मालक स्वातंत्र्याच्या विरोधात, म्हणून तेही चारचौघांत "इंग्रजच बरा" म्हणत. त्यावरून बापलेकींत अबोला झाला. दोघं एकाच रांगेत उभे राहिले, एकामागून एक पडद्याआड गेले. मावशींनी स्वातंत्र्याला मत दिलं. वडिलांनी कुणाला दिलं ते त्यांनी विचारलं नाही, वडिलांनी सांगितलं नाही. पुढे त्या नर्सिंग शिकायला परदेशी गेल्या आणि मागे वडील वारले. "अजून वाटतं, विचारावं," त्या म्हणाल्या. त्या वर्षापासून मंडळात चिठ्ठ्या आल्या.

ज्या देशासाठी मत दिलं, त्या देशात पुन्हा मत द्यायचं मावशींचं राहूनच गेलं. दरवर्षी पार्किंगमधल्या टबात गणपतीचं विसर्जन करताना त्या म्हणतात, "आमच्याकडे समुद्रात." यंदा त्यांच्या मॉरिशसमधल्या भाचीने त्यांना कायमचं राहायला बोलावलं. ऐंशीव्या वर्षी जावं की राहावं? आम्ही सगळे "राहा, राहा" म्हणून मागे लागलो. मावशी म्हणाल्या, "मग मत घ्या. पण झाकून." तरी सवयीने आधी हातच वर झाले, ते सगळे "राहा"चे. मग चिठ्ठ्या उघडल्या. बहुतेकांवर "जा" होतं.

हॉलमध्ये कोणी कोणाकडे बघेना. आम्हा प्रत्येकाचं कुठे ना कुठे एक घर राहिलंय, त्याचंच ते मत होतं. मावशी मात्र हसल्या आणि मग डोळ्यांना पदर लावला. "बाबांनी काय केलं असेल, ते आज कळलं," त्या म्हणाल्या.

मावशी, त्या बेटावर तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. पुढच्या निवडणुकीत रांगेत उभं राहण्याचं बळ तुमच्या पायांत असो. माझ्या चिठ्ठीवर काय होतं, ते मात्र विचारू नका. हात वर करून मी "राहा" म्हणालो होतो, तेवढंच सोबत घेऊन जा.