उद्या येणारे बाबा

साताऱ्याकडच्या अनुसयाबाई जयपुरात आल्या त्या नवऱ्याच्या बदलीमागून. संभाजीराव लष्करात हवालदार होते. छावणीत क्वार्टर मिळालं. संसार मांडून होतो न होतो तोच त्यांची पलटण सरहद्दीकडे हलली. तिकडे बायकामुलांना नेता येत नाही, म्हणून अनुसयाबाई मागे एकट्या राहिल्या. डी.एड. झालेल्या होत्या, छावणीच्या बालवाडीत शिकवायला लागल्या.

सकाळ मुलांच्या गलक्यात निघून जायची. दुपारनंतरचं घर मात्र अंगावर यायचं. चहाचं आधण दोघांपुरतं ठेवायची सवय मोडायला त्यांना फार दिवस लागले. मूलबाळ नव्हतं. वय पुढे सरकत होतं आणि नवरा वर्षातून एकदा, तोही सुट्टी मिळाली तर, येत होता. ही गोष्ट त्या कुणाशी बोलत नसत, पण बालवाडीतलं एखादं मूल मांडीवर झोपी गेलं, की उठवायचं त्यांच्या जिवावर येई.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात बालवाडीत रेवती आली. रेऊ म्हणायचे तिला. वडील सदाशिव, लष्करात नाईक. तेही फील्डलाच, म्हणजे सरहद्दीवर, गेलेले. आई विभा वर्ध्याकडची, वयानं लहान, बोलायला फटकळ. रेऊ गाणी म्हणे, मातीचे लाडू वळे, पण डबे उघडायची वेळ झाली की गुपचूप उठून फाटकाशी जाई. त्या सुमाराला स्टेशनकडून येणारा लष्करी ट्रक रस्त्यावरून जायचा. रेऊ गज धरून उभी राही. ट्रक थांबे, कुणी जवान उतरत, पिशव्या खांद्याला लावून आपापल्या वाटेनं जात. रेऊ एकेकाचं तोंड बघे.

"कुणाची वाट बघतेस गं?" अनुसयाबाईंनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा येणार आहेत. उद्या. आई म्हणते."

"उद्या ना? मग आज कशाला उभी राहतेस?"

"काल पण उद्याच होतं," रेऊ म्हणाली.

पुढे रोज तेच. डबा तसाच परत जाई.

मे महिन्यात एकदा भर दुपारी आंधी आली. आभाळ तांबूस झालं, कडुनिंब पार वाकला, डोळ्यांत वाळू जायला लागली. मुलांना आत घेता घेता अनुसयाबाईंच्या ध्यानात आलं, की रेऊ फाटकाशीच आहे. त्या धावल्या. पोरगी गज सोडेना. तिचे केस, पापण्या धुळीनं माखलेल्या, आणि तोंडानं एकच, "ट्रक यायचाय, ट्रक यायचाय." अनुसयाबाईंनी तिला उचलून आत आणलं आणि सगळ्या मुलांदेखत त्यांच्या तोंडून निघून गेलं, "नाही येणार तुझे बाबा उद्या! परवाही नाही येणार. लांब आहेत ते. कळलं?"

रेऊ रडली नाही. भिंतीकडे तोंड करून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विभा रेऊला घेऊन आली ती तणतणतच. मुलांना सोडायला आलेल्या बायका दारात उभ्या होत्या. तिनं कुणाचीही भीड धरली नाही.

"माह्या पोरीला काहून सांगितलं तुम्ही असं? रात्रभर झोपली नाही ते. 'आई, तू खोटं बोलते का?' म्हणून विचारून राहिली मला. काय सांगू मी तिला?"

"खरं सांगायचं," अनुसयाबाई म्हणाल्या. "रोज खोट्या आशेवर ठेवण्यापेक्षा..."

"तुम्हाला काय कळते त्यातलं? स्वतःचं लेकरू असतं तर कळलं असतं!"

अनुसयाबाई वळल्या. आत जाऊन चटया अंथरायला लागल्या. विभा रेऊला घेऊन आल्या पावली परत गेली. दुसऱ्या दिवशी रेऊ आली नाही. त्यानंतरही नाही.

बालवाडीच्या मुख्य शेखावत बहनजी शहरातल्या मानसरोवर वस्तीत राहत. यजमान रोज स्कूटरवर त्यांना सोडत. बाई शांत, छावणीतल्या बायकांकडून मराठीही शिकलेल्या. त्या अनुसयाबाईंवर रागावल्या नाहीत आणि त्यांनी शाबासकीही दिली नाही. चार दिवस जाऊ दिले आणि मग मुलं घरी गेल्यावर विभाला बोलावून घेतलं. तिघी मुलांच्याच चटईवर बसल्या.

"चूक किसकी, ये बाद में देखेंगे," बहनजी म्हणाल्या. "आधी मला एवढंच सांगा, मुलगी इथं काय करते आणि घरी काय करते. दोघींनीही. मध्ये कुणी बोलायचं नाही."

अनुसयाबाईंनी फाटकाचं सांगितलं. ट्रक, उतरणाऱ्या जवानांची तोंडं, परत जाणारा डबा. विभा मान वर करून ऐकत होती. हळूहळू मान खाली गेली.

"मला हे ठाऊकच नव्हतं," ती म्हणाली. "मला वाटे, डबा आवडत नसंल तिला."

"मग तुम्ही सांगा," बहनजी म्हणाल्या.

विभा पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. मग बोलली. "घरी बाबाचं स्वेटर घेऊन झोपते ते. ह्या उन्हाळ्यातही. घामानं भिजते, पण सोडत नाही. आणि 'उद्या' मी नाही म्हटलं हो आधी. गाडी सुटली तेव्हा पोरगी रडून राहिली होती, तर यांनीच खिडकीतून सांगितलं, 'रेऊ, उद्या येतो गं.' शेवटचं तेवढंच बोलले. आता माणूस तिकडं, कसा असंल, काय असंल. त्याचा शब्द मी कशी खोटा पाडू?"

पंखा कुरकुरत फिरत होता. अनुसयाबाईंना वाटलं होतं, ही बाई सोपं म्हणून खोटं बोलते. तिनं नवऱ्याचा शब्द जपून ठेवला असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"माझे वडील धरणाच्या कामावर गेले होते," त्या हळूच म्हणाल्या. "आई म्हणायची, उद्या येतील. मी गावाबाहेर ओढ्यापर्यंत जाऊन बसायची. ते आलेच नाहीत. मेल्याचं मला मैत्रिणीकडून कळलं. त्या 'उद्या'चा राग अजून आहे माझ्या मनात. रेऊवर तो निघाला. खरं सांगायचंच होतं, तरी ते मी सांगायला नको होतं, आणि सगळ्यांदेखत ओरडून तर नकोच."

"मीही बोलायला नको होतं, बाई," विभा म्हणाली. "लेकराचं."

त्यावर अनुसयाबाईंनी फक्त मान हलवली. ते शब्द काही विसरण्यासारखे नव्हते. पण म्हणणारीचे डोळे भरून आले होते.

मग रेऊला काय सांगायचं, यावर पुन्हा जुंपली. "येणार नाहीत, असं नाही म्हणायचं," विभा हटून बसली. "उद्याही नाही म्हणायचं," अनुसयाबाई म्हणाल्या. थंडीत येतील म्हणावं, तर फौजेतल्या सुट्टीचा भरवसा काय! अखेर ठरलं ते असं: सुट्टी मिळाली की बाबा येतील, कधी मिळेल ते आम्हालाही ठाऊक नाही, पण त्यांना यायचंय. सांगायचं आईनंच. आणि रेऊ बालवाडीत काय बोलते, ते रोज घरी जाताना आईच्या कानावर घालायचं.

विभानं त्याच संध्याकाळी सांगितलं. रेऊ हमसून हमसून रडली, स्वेटर फेकलं, परत उचललं. सोमवारी ती बालवाडीत आली. फाटकाशी उभी राहणं एकदम सुटलं नाही. अनुसयाबाईंनीही तिला आत ओढलं नाही. तिचा डबा घेऊन त्या शेजारी जाऊन बसत. ट्रक येई, जाई. एक घास, दोन घास पोटात जात.

"तुमचे काका कधी येणार?" एकदा रेऊनं संभाजीरावांबद्दल विचारलं.

"मलाही ठाऊक नाही."

"तुम्हालाही कुणी सांगत नाही?"

"नाही गं."

रेऊनं विचार केला आणि आपल्या डब्यातला गुळाचा खडा त्यांच्या हातावर ठेवला.

थंडीतली सुट्टी सगळ्यांचीच रद्द झाली. सदाशिव आला तो होळी उलटून गेल्यावर, तोही न कळवता. बालवाडी सुटायच्या वेळी फाटकात एक काळवंडलेला, रोडावलेला माणूस उभा राहिला. मागे विभा, हसतेय की रडतेय कळेना. "रेऊ," त्यानं हाक मारली.

रेऊनं बघितलं आणि धावत जाऊन अनुसयाबाईंच्या मागे लपली. त्यांचं पातळ मुठीत गच्च धरलं. इतके महिने जिनं परक्यांची तोंडं निरखली, तिला आपलं माणूस ओळखता येईना. सदाशिवचा चेहरा पडला. तो पुढेही येईना, मागेही जाईना.

ती छोटी मूठ अनुसयाबाईंना आपल्या कमरेशी जाणवत होती. क्षणभर त्यांना ती तशीच राहावीशी वाटली. मग त्या खाली बसल्या, एकेक बोट हलकेच सोडवलं आणि म्हणाल्या, "हेच ते. लांबून आलेत, दमलेत. जवळ जाऊन आवाज ऐक त्यांचा." रेऊ गेली. एक एक पाऊल टाकत, मागे वळून बघत गेली. सदाशिवनं गुडघे टेकले आणि तो काहीतरी पुटपुटला. रेऊनं त्याच्या गालाला हात लावून बघितला.

"संध्याकाळी जेवायला या, बाई," विभा निघताना म्हणाली. "नक्की या."

"आज तुमचं तुम्ही बसा," अनुसयाबाई म्हणाल्या. "मी येईन केव्हातरी."

संध्याकाळी त्या पायरीवर तांदूळ निवडत बसल्या. मोर ओरडत होते. दोन दारं सोडून पलीकडे विभाच्या क्वार्टरात रेऊचं खिदळणं चाललं होतं, मध्येच सदाशिवचा जाड आवाज. पुढचे काही दिवस रेऊ बालवाडीत आली नाही. बाप घरी असताना कोण येतं! अनुसयाबाईंनीही तिला बोलावणं धाडलं नाही. आपल्या माणसाच्या सुट्टीची बातमी त्यांना अजून आलेली नव्हती. अशाच एका संध्याकाळी अंधार पडू लागल्यावर त्या पायरीवरून उठल्या, आत जाऊन दिवा लावला आणि एकटीपुरता भात टाकला.