फुकटच्या कामाची निवडणूक

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा बारामतीत एका एसटीडी बूथवाल्यानं दोन-तीन कॉम्प्युटर मांडले आणि बाहेर 'सायबर कॅफे' अशी पाटी लावली. नेट जोडताना त्याचा मोडेम असा हंबरायचा की रस्त्यावरच्या म्हशी ओ द्यायच्या. एक पान उघडेपर्यंत माणूस सणसरला जाऊन, उसाला पाणी देऊन परत यायचा. तरी फोटोतल्या बाईचं फक्त कपाळ उमटलेलं असायचं. हे मी कमी करून सांगतोय.

तिथंच मला नेटवरचा तो बोर्ड सापडला. अमेरिकेतल्या एका मराठी इंजिनियरनं हौसेनं चालवलेला. कुणीही प्रश्न टाकावा, कुणीही उत्तर द्यावं, सगळं इंग्रजी अक्षरांत मराठी. टेक्सासची एखादी बाई विचारायची, हुरडा ओव्हनमध्ये भाजता येईल का? की मी माझं पंपाचं दुकान वाऱ्यावर सोडून तिला दोन पानं लिहिणार! घरचा नळ मात्र लग्नापासून गळत होता. बायको म्हणाली, "मीबी तितं लिहू का, नळ गळतोय म्हणून? मग तरी बघाल."

यात पैसा नव्हता. कधीतरी 'धन्यवाद दादा' यायचं, आणि तेवढ्यावर मी आठवडाभर छाती काढून फिरायचो.

शेजारच्या कॉम्प्युटरवर निरवांगीचे एक मास्तर बसत. मी दोन पानं लिहिली की ते तीन लिहीत, आणि सुरुवात ठरलेली: 'वरील माहिती अपुरी आहे.' माझ्या मांडीला मांडी लावून बसून हे अमेरिकेला कळवायचे.

एक दिवस बोर्डाच्या मालकानं, त्या इंजिनियरनं लिहिलं, मला वेळ मिळत नाही, देखभाल करायला कुणी तयार आहे का? मोबदला नाही. आम्ही दोघांनीही नावं दिली. माझ्या डोळ्यांसमोर तर बोर्डाच्या माथ्यावर, मालकाच्या नावाखाली माझं नाव झळकायलाही लागलं. आमच्याकडं पंगतीत बुंदीची बादली कुणी धरायची यावरून भावकीत बोलणं बंद होतं, ते काय बुंदीसाठी? सगळ्या गावाला मान वर करून बघावं लागतं, त्यासाठी.

मालक भला माणूस. त्यानं लिहिलं, दोन नावं आहेत तर सभासदांनीच मत द्यावं.

हे आपण कुठल्या तालुक्यातल्या माणसांना सांगतोय, याची त्या बिचाऱ्याला कल्पना नव्हती. सोसायटी, डेअरी, कारखाना करत करत आमच्या पिढ्या वाढल्या. मतदान म्हटलं की आम्ही आधी जीप बघतो. मी माझ्या गावाहून, कळंबहून जीपभर माणसं आणली, पुढं माझे चुलते आबा. सगळ्यांना मिसळ चारली. तोवर मास्तरांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून अर्धं निरवांगी उतरवलं. कॅफेवाला घाम पुसत एकेकाला सभासद करत होता आणि रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती.

आबा खुर्चीत बसले. "कुठं शिक्का मारायचा?"

"शिक्का न्हाय आबा. तुमी फक्त माझं नाव सांगा, मी टाइप करतो."

"आन् हे वर काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. टोरोंटोचा कुणी विचारत होता, थंडीत दही लागत नाही, काय करावं?

"आरं, ह्येला कुणी सांगितलं न्हाय व्हय? लिही. भांडं गव्हाच्या डब्यात पुरून ठेव म्हणावं."

"आबा, आधी मत..."

"मत ऱ्हाऊ दे! तितं त्येचं दही खोळंबलंय."

मास्तरांच्या खुर्चीमागून त्यांचे तात्या ओरडले, "गव्हात न्हाय, बाजरीत! गव्हात आंबट हुतंय!"

"तुमच्यात हुत आसंल!"

झालं. रांग मोडली. प्रत्येकाला दह्यावर बोलायचं होतं, आणि आपलंच लिहिलं जावं म्हणून माणसं एकमेकांच्या अंगावरून हात घालत होती. दिवस मावळेपर्यंत बोर्डावर इकडून तिकडं दहीच दही. मतमोजणी मी स्वतः केली. मला एक, मास्तरांना एक. दोन्ही आमची स्वतःचीच.

मास्तर ट्रॉली घेऊन परत निघाले आणि तेवढ्यात अमेरिकेत सकाळ झाली. मालकानं घाबरून लिहिलं, हे कुणीतरी आवरा हो! मी खुर्चीतच होतो. टाकलं, मी आवरतो. लगेच पासवर्ड आला.

शिवाय खुलासाही आला. देखभाल करणाऱ्याचं नाव कुठंही दाखवत नाहीत, लोक त्रास देतात. काम एवढंच की तेच तेच लिहिलेलं पुसायचं आणि भांडणं सोडवायची. हुरड्यावर लिहायला वेळच उरेना. टोरोंटोवाल्याचं 'धन्यवाद आजोबा' आबांना गेलं. त्यांनी ते छापून घेऊन भिंतीवर लावलं, आणि अख्ख्या कळंबनं ते जाऊन बघितलं.

महिनाभरानं मास्तर माझ्यामागं येऊन उभे राहिले. मी बाजरीवाल्यांची शिवीगाळ पुसत होतो.

"शेठ, नाव तर तुमचं कुठं दिसत न्हाय."

"न्हाय."

"धन्यवादबी न्हाय. मग मरताय कशाला? सोडा की."

"सोडलं तर बघणार कोण?"

"मी हाय की," मास्तर म्हणाले.

मी कीबोर्ड जरा जवळ ओढला आणि पुढची शिवी पुसली.