कुकर फोडणारा धाकू

धाकू घाडी पोटासाठी कुकर फोडतो. डोंबिवलीच्या एमआयडीसीत भांड्यांचा एक कारखाना आहे, त्याच्या मागच्या अंगाला जाड लोखंडी पत्र्यांची एक खोली आहे. आत शेगडीवर कुकर चढवायचा, बाहेर येऊन दार लावायचं, गॅसचा कॉक सोडायचा आणि जाड काचेतून बघत राहायचं, हे त्याचं काम. एकोणीस वर्षं तो हेच करतोय. छतावर आपटून चेपलेली झाकणं त्याने गोळा केली आहेत, पत्र्यात रुतलेल्या कडा पक्कडीने उपटल्या आहेत. कोपर स्टेशनजवळच्या त्याच्या चाळीत शेजारी विचारतात, "काय धाकूशेठ, आज किती मारले?" तो बोटांवर आकडा दाखवतो आणि हसतो.

अकरा वर्षांपूर्वी असाच एक कुकर त्याच्या घरात फुटला. बायको कलावती ओट्याशी उभी होती. झाकण थेट तिच्या तोंडावर आलं. गालाचं हाड मोडलं, डावा डोळा जागीच गेला आणि उकळती डाळ मानेवरून छातीपर्यंत उतरली. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती चाचपडत भिंत धरून खाली बसली. भिंतीवर तिच्या हाताचे लाल पंजे उमटले होते. "हिनेच डाळ गळ्यापर्यंत भरली असेल," असं धाकूची आई म्हणाली. मग चाळ म्हणाली. आईने तर मरेपर्यंत सुनेला त्यावरून टोचलं. शेवटी कलावतीही तसंच म्हणायला लागली, "माझंच चुकलं." त्या दिवसापासून त्या घरात डाळ पातेल्यात शिजू लागली.

खरं काय ते एकट्या धाकूला माहीत होतं. अपघाताच्या आठवडाभर आधी कुकर कोरडा तापून झाकणातला सेफ्टी व्हॉल्व्ह वितळला होता. वितळून वाफेला वाट करून द्यायची, हेच त्याचं काम. नवा आणायचा तर दुकानापर्यंत जायला हवं. धाकूने कारखान्यातून एक पोलादी बोल्ट आणला आणि त्या भोकात आवळून बसवला. आपला हात जगन्नाथ! कारागीर माणूस, काम कसं चोख. वाफेचा थेंब बाहेर येत नव्हता. आठवड्याने शिट्टीचं भोक डाळीने बुजलं, तेव्हा वाफेला दुसरी वाटच उरली नव्हती. पुढे ते झाकण त्याने बोल्टासकट भंगारात घातलं आणि पापाचं खापर बायकोच्या डोक्यावर फुटताना गप्प बघत राहिला. मला विचाराल तर ह्या माणसाला तेव्हाच कोणीतरी बदडायला हवं होतं.

गेल्या वर्षी कारखान्यात नव्या मॉडेलचं काम निघालं आणि नौपाड्याची उर्वी नावाची इंजिनीअर मुलगी आली. तिची पद्धत निराळी. आजवर धाकू नवाकोरा कुकर, नवं रबर, मापात पाणी घेऊन, वाफेच्या वाटा बुजवून, तो किती दाबाला फुटतो एवढंच बघायचा. उर्वी म्हणाली, "धाकूकाका, असा कुकर कोणाच्या घरात असतो? माणसांच्या सवयी आपल्या हातात नाहीत. झाकणाची जाडी, कडेचा आकार, रबर हे आपल्या हातात आहे. सवयी कितीही वाईट असोत, तरी टिकेल असं माप शोधायचं."

तिने बायकांना विचारून अशा सवयींची यादी केली. सैल रबर घट्ट व्हावं म्हणून फ्रीझरमध्ये ठेवणं, डाळ काठोकाठ भरणं, शिट्टीचं भोक न पुसणं, कडेला कणीक लावणं. कुठल्या सवयी कुठल्या मापाशी जोडायच्या ह्याचा तक्ता तिने असा मांडला की शेकडो चाचण्यांचं काम अठरात व्हावं. धाकूने अठराही केल्या. दरवेळी व्हॉल्व्ह वितळला, वाफ फुस्स झाली, कुकर शाबूत राहिला. कारखान्याचे प्रमुख सलिल साहेब खूश झाले. "सोमवारी माल बाजारात," ते म्हणाले.

धाकू मात्र उर्वीची यादी पुन्हा वाचत राहिला. अठराच्या अठरा वेळा कुकर वाचला होता तो त्या एका व्हॉल्व्हच्या जिवावर. आणि त्या भोकात लोक काय घालतात हे यादीत नव्हतं. गप्प बसला असता तर अब्रू राहिली असती आणि कुठल्या तरी घरात आणखी एक डोळा गेला असता.

"मॅडम, एक राहिलं," तो म्हणाला. "व्हॉल्व्हच्या जागी बोल्ट."

सलिल साहेब हसले. "असं कोण येडा करतो रे?"

"मी केलेला."

"तू? रोज कुकर फोडतोस तू!"

"म्हणूनच तर. मला वाटलं, मला कळतं." मग त्याने कलावतीचा डोळा कसा गेला ते सांगितलं.

उर्वीने एकोणिसावी चाचणी लावली. धाकूने बोल्ट स्वतः आवळला. शिट्टीचं भोक डाळीने बुजलेलं, रबर कडक झालेलं. सात मिनिटं काहीच झालं नाही. मग असा धमाका झाला की काचेला तडा गेला. शेगडी दुमडून कोपऱ्यात पडली होती, झाकण समोरच्या पत्र्यात उभं रुतलं होतं, बाईच्या तोंडाच्या उंचीवर. सलिल साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. सोमवार रद्द झाला.

उपाय सापडायला दोन महिने लागले. झाकणाच्या कडेला मागच्या बाजूने एक खाच ठेवायची, म्हणजे दाब वाढला की रबर तिथून बाहेर ढकललं जातं आणि वाफ मोकळी होते. खाच लहान असली की कडक रबर अडायचं, मोठी केली की मऊ रबर उगाच सुटायचं. धाकूने एकतीस कुकर फोडले. बत्तिसाव्याला बोल्ट, कणीक, बुजलेलं भोक, सगळं होतं. रबर फटकन बाहेर आलं, वाफ भिंतीकडे गेली. झाकण जागचं हललं नाही.

त्या रविवारी दुपारी तो नवा कुकर घेऊन घरी आला आणि उभ्या उभ्याच कलावतीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग ओट्यावरची लोखंडी सांडशी उचलली आणि त्याच्या तोंडावर हाणली. भुवई फाटली. दुसरा घाव खांद्यावर बसला, तिसरा त्याने अडवलेल्या हातावर. "अकरा वर्षं!" ती ओरडत होती. "तुझी आई मरेपर्यंत मला बोलली! आणि तू जेवत बसायचास!" आजवर तिने त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

धाकू खाली बसला. रक्त डोळ्यात उतरत होतं, त्याने पुसलं नाही. दमल्यावर कलावतीने सांडशी टाकली आणि आपल्या एका डोळ्याने त्या कुकरकडे बराच वेळ पाहिलं.

"ह्यात कोणी बोल्ट घातला तरी फुटत नाही?"

"नाही."

"म्हणजे घरातल्या माणसावर भरवसा ठेवायला लागत नाही."

"नाही लागत."

"मग ठेव ओट्यावर," कलावती म्हणाली आणि डाळीचा डबा काढला.