चार बोटं माया

अख्ख्या डोणगावात उद्याची एवढी काळजी वाहणारा माणूस दुसरा झाला नसेल. आमच्या शेजारचे टेलर चाचा आजच्या मापाचे कपडे शिवतच नसत. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला माया म्हणतात. इतर शिंपी ती बोटभर ठेवतात, चाचा चार बोटं ठेवत. माझी सातवीतली पॅन्ट उसवत उसवत बारावीपर्यंत पुरली. पहिलं वर्ष मात्र मी वर्गात घडी घातलेल्या सतरंजीवर बसल्यासारखा बसलो. नवरदेवाचं माप घ्यायचं तर चाचा आधी त्याच्या बापाचं पोट न्याहाळत. "हे येनारच हाये," म्हणत आणि सदऱ्यात तेवढी सोय करून ठेवत. एका नवरदेवानं यावरून भर दुकानात भांडण काढलं होतं. पाच वर्षांनी तोच मुकाट्यानं सदरा उसवून घ्यायला आला. स्वतःच्या मुलाचं लग्न ठरायच्या आधी चाचांनी नातवाची झबली शिवून ट्रंकेत टाकली होती.

आजचं काम मात्र त्यांच्या हातून हमखास राहून जाई. चाचींच्या कुर्त्याचं बटण चार-चार महिने तुटलेलं. "याईले उद्याचं समदं दिसते, भाऊ," चाची मला सांगत, "समोर बसलेली बायको तेवढी दिसत नाही." आणि स्वतःच खळखळून हसत.

गेल्या उन्हाळ्यात चाचींचं पोट दुखू लागलं. मेहकरच्या डॉक्टरांनी सांगितलं, उशीर करू नका, मोठ्या दवाखान्यात न्या. चाचांनी मान डोलावली. पण शाळा उघडायला आल्या होत्या आणि दुकानात युनिफॉर्मच्या कापडाचा ढीग लागला होता. "एवढे देऊन टाकतो, मंग निवांत जाऊ. पोरं काय उघडे जातीन शाळेत?" त्या ढिगात माझ्या मुलीचाही युनिफॉर्म होता. मी दोनदा तगादा लावला होता. ते मला अजून खातं.

युनिफॉर्म संपले, मग मोठ्या दवाखान्यात तपासणी झाली, आणि तिथल्या डॉक्टरांनी चाचांना बाजूला बोलावलं. फार उशीर झाला होता. चाची वाळत गेल्या, कुर्ते अंगावर लोंबू लागले. जन्मभर लोकांचे कपडे सैल करून देणारा हा माणूस आता दर पंधरा दिवसांनी बायकोचे कुर्ते आत घेत बसे. आतलं कापड टोचतं, कापून टाका, असं चाची म्हणाल्या तेव्हा ते चिडले. "काऊन कापू? बरी झाली का उसवून देतो ना!" ती जाड शिवण चाचींनी तशीच सोसली.

सोयाबीन निघायच्या दिवसांत त्या गेल्या.

कफनाचं कापड चाचांनी स्वतःच कापायला घेतलं. ओसरीवर आम्ही चार-पाच जण उभे होतो. त्यांनी टेप लावला, खडूनं खूण केली आणि खुणेच्या पुढे चार बोटं सोडून कात्री घातली. त्यांच्या नात्यातले एक म्हातारे हळूच म्हणाले, "भाई, कफनाले शिलाई नसते."

कात्री थांबली. चाचांनी खुणेपुढच्या कापडावरून बोट फिरवलं. मग त्यांनी आमच्याकडे बघून विचारलं, "मंग हे चार बोटं राहू देऊ?"

ते म्हातारे खाली बसले, चाचांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "राहू दे."