भुईगावातला एका दुपारचा नवरदेव

टेपरेकॉर्डरचं बटण दाबायला मी विसरलो.

माझा प्रबंध एकोणिसाव्या शतकावर होता आणि तो इतिहास, साहित्य, संस्कृती अशा तीन विभागांत मिळून चालायचा. म्हणजे तिन्ही विभाग मला पाहुणा समजायचे. शेवटचं प्रकरण जुन्या लग्नगाण्यांचं. त्याशिवाय मार्गदर्शक बाई सही करणार नव्हत्या.

भुईगावातल्या एक ख्रिस्ती आजी म्हणाल्या, "आमची गाणी अशी उगाच म्हणत नाहीत, बाबा. नवऱ्याची दाढी होताना म्हणतात."

मग काय, वाडीत पाटावर मीच बसलो. शेजारच्या काकांनी वस्तरा धरला, बाया जमल्या आणि त्यांच्या पणज्यांपासून आलेली गाणी सुरू झाली. मध्येच माझ्या नाकावर, कानांवर नवी कडवी जोडली गेली. मी असा लाजलो की संशोधन गेलं उडत!

गाणी संपल्यावर पाहिलं, तर कॅसेट जागची हललेली नव्हती. मी हात जोडले, "आजी, फक्त एकदा, परत."

आजींनी माझ्या गुळगुळीत तोंडाकडे निरखून पाहिलं.

"परत? नवऱ्याला पाटावर एकदाच बसवतात. आता गाणी पाहिजेत तर पोरगी घेऊन ये. पण हे तोंड बघून कोण देतंय तुला?"